पत्र्यावरचं पाणी

प्रशिक्षणातलं पहिलंच घर, आणि मला शिडीच्या पहिल्या पायरीवरून खाली उतरवलं गेलं.

नगरमधली जुनी वसाहत होती ती. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, पण बोलताना आमच्या तोंडात अजून नगरच येतं. बैठं घर, पुढे स्लॅब आणि मागच्या अर्ध्या भागावर पत्रा. मी, माझ्या तुकडीतला एक मुलगा आणि आम्हाला शिकवणारे सर असे तिघं गेलो होतो. मी शिडी लावली, ओढणी कमरेला खोचली आणि चढायला लागले, तेवढ्यात घरातल्या आजी लगबगीनं बाहेर आल्या.

"अगं अगं, तू कुठं निघालीस? खाली देवघर आहे. देवाच्या डोक्यावर बाईमाणूस चढत नसतं."

"मग आजी, हा चढलेला चालेल?" मी सोबतच्या मुलाकडे बोट दाखवलं.

"तो पुरुषमाणूस आहे," त्या म्हणाल्या. जणू एवढ्यात सगळं आलं.

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "तू खाली थांब. तो वरून आकडे सांगेल, तू लिहून घे."

मी लिहून घेतलं. परतताना गाडीत सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझं बोलणं नीट आहे, अक्षर चांगलं आहे. ऑफिसात फोनवर बसायला आपल्याला असंच कुणीतरी लागतं. घरं काय, मुलं बघतील."

"हो सर," मी म्हणाले.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. शिकवणाऱ्या माणसाला उलट बोलायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की राग आला तरी तोंडातून आधी 'हो सर' निघतं. पण त्या दिवशी राग गेला नाही. तो माझ्याबरोबर वसतिगृहात आला, जेवायला बसला आणि सकाळी माझ्याआधी उठला.

आमचं काम थोडक्यात सांगते, कारण गावात सांगताना माझी नेहमी फजिती होते. कुणाच्याही घरी जायचं, घरात वीज कुठं वाया जाते, ऊन कुठून आत शिरतं, हवा कुठून गळते हे मोजायचं आणि कमी खर्चात काय बदलता येईल ते घरच्यांना सांगायचं. यंत्रं तशी साधी. लांबूनच तापमान सांगणारं एक पिस्तुलासारखं यंत्र असतं. एक चिमटा असतो, तो वायरीभोवती धरला की किती वीज वाहतेय ते कळतं. आणि एक उदबत्ती. दार-खिडकीच्या फटीशी पेटती उदबत्ती धरायची. धूर जिकडं वाकेल तिकडून हवा ये-जा करते.

उदबत्तीचा धडा झाला तेव्हा वर्गात सगळे हसले होते. मला मात्र उसाच्या फडाशेजारची आमची कोपी, पाचटाची झोपडी, आठवली. माझे आई-वडील ऊस तोडायला जायचे. लहान होते तोवर मीही त्यांच्याबरोबर असायची. हिवाळ्यात पहाटे वारा कोपीत कुठून घुसतो हे आई अंधारात नुसत्या तळहातानं शोधायची आणि त्या फटीत पाचटाची मूठ कोंबायची. वर्गात मी हे सांगितलं नाही. पण हा विषय मला परका वाटला नाही, तो यामुळे.

पुढं मी शाळेच्या वयाची झाले तेव्हा चुलत्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, वडिलांना निक्षून सांगितलं, "पोरीला नेऊ नकोस. माझ्याकडं ऱ्हाऊ दे." शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांच्या घरात मी वाढले. काकीच्या हातच्या भाकरीवर दहावी झाले, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले. माझ्या पदवीच्या कागदावर नाव माझं असलं तरी त्या घराचं ऋण त्याच्यामागे आहे. पुढं जे झालं ते कळायला एवढं सांगणं भाग आहे.

शेवटच्या परीक्षेत प्रत्येकानं एक घर एकट्यानं तपासायचं होतं, सरांसमोर. मोजणी खरी हवी, छप्पर स्वतः बघितलेलं हवं आणि घरमालकाला त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. यात पास झालं तरच घरोघरी जायचं काम मिळणार. नाहीतर फोन.

मला उपनगरातला एक फ्लॅट नेमून दिला होता. वर दुसऱ्याचा मजला. छप्पर बघायचा प्रश्नच नाही. मी सरांकडे गेले.

"सर, मला पत्र्याचं घर पाहिजे."

"का गं? फ्लॅट सोपा आहे. तुझ्यासाठीच ठेवला."

"म्हणूनच नको, सर. छप्पर न बघता मी पास झाले तर उद्या तुम्हीच म्हणाल, हिला शिडीचं काय माहीत."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि त्या घरात पुन्हा कुणी आजी निघाल्या तर?"

"माझ्या गावचं घर घेते. तिथं मी लेक आहे. सुनेला नाही म्हणतील, लेकीला नाही म्हणायचे नाहीत."

हे मी तिथल्या तिथं सुचलं म्हणून बोलले, पण ते खरंच होतं. आमच्याकडे सासऱ्याच्या, देवाच्या डोक्यावर सुनेनं उभं राहायचं नाही. लेकीला मात्र कुणी हटकत नाही. एकाच घरात दोन बायकांना दोन कायदे, आणि इतकी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण मी फायद्याच्या बाजूला होते.

तात्यांना फोन केला.

"घर तपासायचंय? आपल्या घराला काय झालंय?"

"काही नाही झालं. माझी परीक्षा आहे. सर येणार आहेत."

"म्हंजे मीटर बघनार?"

"मीटर नाही हो तात्या. घर किती तापतं, वीज किती खातं, ते बघायचं."

"वायरमन व्हनार व्हय तू?"

"नाही."

"बरं," तात्या म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् घर बरं निघालं, तर तू पास?"

मागं कुठंतरी बस सुटत होती, मला घाई होती. मी म्हणाले, "हो हो."

त्या 'हो हो'नं सगळा घोटाळा केला.

एप्रिलातली दुपार. सरांच्या गाडीतून आम्ही गावात शिरलो तेव्हा पिंपळाखाली बसलेल्यांपैकी कुणीतरी आरोळी दिली, "आले रे बोर्डाचे!" आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांतून माणसं काठ्या घेऊन विजेच्या तारांकडे पळाली. चोरून वीज घ्यायला तारांवर टाकलेले आकडे काढायला. सरांनी खिडकीची काच वर केली. मला हसू आवरेना.

आमच्या दारात सडा, रांगोळी. मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी सगळी तयारी. तात्या धुतलेलं धोतर नेसून उभे. ओसरीवरून आत आलो की बैठकीची खोली, तिच्यावर पत्रा. मागं स्वयंपाकघर, त्यावर अजून जुनं मातीचं धाबं. बैठकीत पश्चिमेच्या भिंतीला घट्ट चिकटवून फ्रीज. चुलतभावाच्या लग्नात वहिनीच्या माहेरून आलेला. त्याच्यावर प्लॅस्टिकचं आवरण, त्यावर विणकामाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. आणि तो बंद होता. पंखाही बंद. कूलर कुठं दिसेना.

मी यंत्र काढलं, पत्र्याच्या खालच्या बाजूला रोखलं आणि आकडा बघून चक्रावले. भर दुपारी आमचा पत्रा थंडगार.

सर खूश. "वा! मला वाटलं होतं भट्टी असेल. उत्तम घर आहे तुमचं." तात्यांची छाती फुगली. सर घड्याळ बघत मला म्हणाले, "खालून आकडा मिळालाच आहे. वर कशाला जातेस? बाकीचं पटकन उरक. मला पुढं पाथर्डीला एक घर बघायचंय. पास समज."

पास. इतकं सोपं.

या खोलीत मी दहावीचा अभ्यास केला होता. उन्हाळ्यात इथं पाठीवरून घामाची धार लागायची आणि वही हाताला चिकटायची. ही खोली गार असूच शकत नव्हती. मी बाहेर आले. वळचणीखालची माती ओली होती. पत्र्याच्या पन्हळीतून एक थेंब सुटला, मग दुसरा. दाराशी वहिनी उभी होती, तिच्या साडीचे काठ घोट्यापर्यंत भिजलेले. टँकरच्या पाण्यानं भरायच्या परसातल्या पिपाचं झाकण उघडलं. तळ दिसत होता.

आमच्या गावात एप्रिलात अंघोळीचं पाणी झाडाला जातं आणि भांडी विसळलेलं पाणी म्हशीला. त्या घरानं टँकरचं पाणी माझ्यासाठी पत्र्यावर ओतलं होतं. त्यांना वाटलं, परीक्षेला घर बसलंय. घर पास झालं की पोरगी पास. फ्रीज-पंखा बंद आणि कूलर गायब, तेही त्यासाठीच.

मी पिपाचं झाकण परत लावलं आणि तशीच उभी राहिले. कुणी बोललं नसतं तर कुणाला कळलं नसतं. ज्या माणसानं मला वाढवलं त्याची इच्छा होती मी पास व्हावं, आणि ज्यांच्या हातात माझं पास होणं होतं ते पास म्हणून मोकळे झाले होते. मध्ये आडवी येणारी फक्त मी होते. पण मग मी काय शिकून आले? शिडी न चढता पास व्हायचं तर तो फ्लॅट काय वाईट होता?

मी आत गेले. "सर, हा आकडा धरू नका. पत्र्यावर पाणी मारलंय."

"कुणी?"

"आमी," तात्या म्हणाले. "का? काय चुकलं? घर परीक्षेला हाय म्हनली ही."

सर आधी मोठ्यानं हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाहीये. "ठीक आहे, प्रेमानं केलंय. पण आता काय? पत्रा वाळेपर्यंत मी थांबू शकत नाही. आहे तो आकडा घे, नाहीतर पुढच्या तुकडीत बस."

"हो सर" तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"पुढच्या तुकडीत बसेन, सर. पण माझ्या पहिल्याच घराचा आकडा खोटा नको."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे घर मला तुटलं. "तुझ्यापायी प्यायचं पानी वतलं पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "आन् तू परक्या मानसाम्होरं आमालाच खोटं पाडतीस?"

"तुम्हाला नाही तात्या. आकड्याला."

"आकडा काय आपोआप आला?"

तात्या उठून आत गेले. सर गाडीची किल्ली बोटात फिरवत ओसरीवर आले. मी यंत्रं पिशवीत भरायला लागले. पश्चात्ताप होत नव्हता, हे मला नीट आठवतं.

तात्या परत आले ते हात जोडूनच. "सायेब, जेवल्याबिगर जाता यायचं न्हाई."

"नको हो काका, पाथर्डीला लोक वाट बघतायत."

"बगू द्या. शेंगोळी वळायला बसल्यात बाया. माज्या दारातनं गुरुजी उपाशी गेले तर गावात तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाई."

सर काही बोलणार, तोवर भावानं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, पाट मांडला. नगर जिल्ह्यात असं धरलेला माणूस सुटत नाही, सरांनाही ते ठाऊक होतं. ते बसले. तात्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "किती येळ लागंल वाळायला?"

मी वळचणीकडे बघितलं. "या उन्हात? अर्धा तास."

तात्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "सावकाश वळा गं. घाई न्हाई पाव्हन्यांना."

कुळथाच्या पिठाची इतकी निगुतीनं वळलेली शेंगोळी मी कधी पाहिली नाही. काकी एकेक वळी उजेडात धरून बघायची आणि मोडून पुन्हा वळायची. वहिनी पदर तोंडात धरून हसत होती.

वळचणीचे थेंब थांबले. मी शिडी लावली. सर ओसरीवरून म्हणाले, "काय काका, इथं देव्हारा कुठाय? हिनं चढलेलं चालतं ना?"

"लेक हाय ती," तात्या म्हणाले. "सून असती तर नगं म्हनलो असतो."

आतून वहिनीचा आवाज आला. "आन् मामंजी, पान्याच्या बादल्या वर कुणी नेल्या वाटतं तुमाला?"

तात्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. मग म्हणाले, "तू चढली हुतीस?"

"मग काय पानी आभाळातनं पडलं? तुमचे चिरंजीव खाली हुबं ऱ्हाऊन 'हळू, हळू' करत हुते."

भाऊ जमिनीकडे बघायला लागला. काकी एवढ्या जोरात हसली की हातातली वळी चुलीपुढं पडली. सरांना ठसका लागला. तात्या कुणाकडंच बघेनात, शेवटी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "शिडी धरा कुनीतरी. नुसतं हसताय काय."

शिडी वहिनीनं धरली.

वर चपलेच्या तळव्यातूनही चटका लागत होता. पत्र्यावर चालताना जिथं खिळ्यांची रांग असते तिथंच पाय द्यायचा, कारण खाली आधार असतो. मधे पाय पडला तर पत्रा वाकतो. चकचकीत पत्र्यावर आमचं यंत्र फसतं, म्हणून मी काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि ते पत्र्याइतके तापायची वाट बघत उकिडवी बसले. तिथून सगळं गाव दिसत होतं. पिंपळाखालची माणसं कपाळावर हात धरून वर बघत होती. कुणीतरी ओरडलं, "आगं, पडशील!" मी ओरडले, "पडले तर आपल्याच घरात पडेन!"

आकडा घेतला, खाली येऊन पत्र्याच्या आतल्या बाजूचा घेतला. मघाच्या जवळजवळ दुप्पट. लागलीच मागच्या स्वयंपाकघराच्या मातीच्या धाब्याखाली मोजलं, तर तिथं चूल पेटलेली असूनही डोक्यावरचं छत बैठकीपेक्षा कितीतरी थंड.

मग फ्रीज सुरू करायला लावला, वायरीला चिमटा लावला आणि तात्यांना समोर बसवून सांगितलं. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या, ऊन परत फेकलं जाईल. आणि फ्रीज तापलेल्या भिंतीला चिकटवून, वर आवरण घालून ठेवलाय. त्याची गरम हवा बाहेर पडायला जागाच नाही. दिवसभर धापा टाकतो, म्हणून बिल वाढतं. त्याला मागं स्वयंपाकघरात न्या.

"पत्र्याला चुना?" तात्या सरांकडे वळले. "बगा सायेब. पोरगी शिकली आन् पयला चुना चुलत्याला लावला."

सगळे हसले, तेही हसले. पण फ्रीजचं नाव काढताच गंभीर झाले. "पाव्हन्यांनी दिलेली वस्तू मागं टाकू? उद्या सूनबाईचा बाप आला तर काय म्हनंल?"

"बंद फ्रीज बघून काय म्हणतील, तात्या?"

"तू लई बोलाया लागलीस."

"तुम्हीच शिकवलंत. फीसुद्धा तुम्हीच भरलीत."

त्यांनी मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. म्हणाले, "चुन्याचं बगू."

सरांनी शेंगोळी दोनदा घेतली. जाताना गाडीपाशी त्यांनी माझे आकडे पुन्हा एकदा मागून घेतले, ओल्या पत्र्याचे आणि कोरड्या पत्र्याचे. दोन्ही शेजारी शेजारी धरून बघत राहिले. "ओला आकडा खोडू नकोस," ते म्हणाले. "पत्रा थंड ठेवला तर काय होतं, ते यातच आलं. दोन्ही लिही. कुठला कसा आला, तेही लिही."

"आणि पुढची तुकडी, सर?"

"तुला फोनवर बसवली तर गिऱ्हाइकांनाही असंच बोलशील. त्यापेक्षा घरं बघ." एवढं म्हणून ते गाडीत बसले. मी 'हो सर' म्हणाले. हा 'हो सर' मला जड गेला नाही.

संध्याकाळी टँकर यायचा नव्हता. शेजारच्या काकूंकडून मी आणि वहिनीनं पाणी उसनं आणलं. डोक्यावर हंडा घेऊन वहिनी म्हणाली, "वन्स, पुढच्या बारीला परीक्षा आसंल तर पावसाळ्यात ठेवा."

मे लागायच्या आत तात्यांनी पत्र्याला चुना मारला. गल्लीत एकटाच पांढरा पत्रा. लोक चिडवायचे, मग दुपारी पत्ते खेळायला त्याच खोलीत येऊन बसायचे. फ्रीज मात्र बैठकीतच आहे. भिंतीपासून वीतभर पुढं सरकलाय, आवरण निघालंय, फुलदाणी आहे तिथंच आहे. ती लढाई मी अजून सोडलेली नाही.

काम सुरू झाल्यावर मी सरांकडून एक घर मागून घेतलं. नगरमधलं तेच, जुन्या वसाहतीतलं. आधीची मोजणी शिकाऊ होती, ती पुन्हा करायचीच होती. आजींनी मला ओळखलं.

"तूच का? आणि तो मुलगा कुठाय?"

"तो दुसऱ्या घरी गेलाय, आजी. आज मी एकटीच आहे."

"मग वर कोण चढणार?"

मी चप्पल काढून आत गेले, देवघरापुढं हात जोडले आणि बाहेर आले. "नमस्कार करून आले, आजी. आता मी चढते. वाटलं तर तुम्ही शिडी धरा."

त्यांनी शिडी धरली नाही. दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून. मी शिडी भिंतीला टेकवली, तिचे पाय घसरत नाहीत ना ते दोनदा हलवून बघितलं, ओढणी कमरेला खोचली आणि वर गेले.